हात कोशात कसा छापायचा?

अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही. ते मोहाच्या फुलांसाठी येतं, बाईही मोहाच्या फुलांसाठीच येते, दोघांच्या माना खाली असतात आणि पहाट पुरती फुटलेली नसते. माणूस एकदम समोर आला की अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं. अर्जुनी मोरगावकडच्या जंगलात असा मार खाल्लेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना आपण कुठं बघावं हे मला कधीच कळलं नाही.

मी शिकारी नाही आणि जंगल खात्याचा माणूसही नाही. मी शब्द गोळा करायची नोकरी करत होतो. संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे 'बोलीतल्या गमती' मागितल्या. आहेत त्या देतो. पण अस्वलाच्या नावाबद्दल मला जे सांगायचं आहे त्यात गंमत फार थोडी आहे, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. गोंदियात आमच्या घराला लागून एक छापखाना होता. बिडी कामगारांच्या सभांची, संपांची पत्रकं तिथं निघत आणि वाकडी छापलेली, शाई फासलेली मला घरी न्यायला मिळत. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. पत्रकाचा मला आवडणारा गुण असा की कोण चुकलं ते त्यात सरळ लिहिलेलं असतं आणि शेवटी आता काय करायचं तेही लिहिलेलं असतं. पुढे नागपूरच्या एका कोशकचेरीत मला नोकरी मिळाली. शब्दकोशात या दोन्ही गोष्टींना जागा नसते, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

कोश म्हणजे शब्दांचं जाड पुस्तक, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते शब्द कोणीतरी गावोगाव हिंडून आणलेले असतात हे कोणाच्या मनात येत नाही. मी तो हिंडणारा. आमच्या कामाचा पहिला नियम असा की 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' असं कधी विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो आणि तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. त्यापेक्षा वस्तू हातात घ्यावी आणि चुकीची वापरावी. मी धानाच्या बांधीत नांगर चुकीचा धरून उभा राहिलो की चारी बाजूंनी लोक ओरडत येत. त्या ओरडण्यात नांगराच्या प्रत्येक भागाचं नाव मिळे, आणि माझ्या वाडवडिलांसाठीही काही शब्द मिळत.

आमगावच्या बाजूला एका गावी आम्ही येणार हे तिथल्या हेडमास्तरांना आधी कळलं. गावाची अब्रू जायला नको म्हणून त्यांनी लोकांना चावडीवर बसवून शुद्ध भाषा शिकवून ठेवली. मी पोचलो तर शेतकरी बैलाला 'वृषभ' आणि बोडीला 'जलाशय' म्हणून राहिले होते. अर्ध्या तासानं एक म्हातारा हात जोडून उठला. "मास्तर, मी याले आता बइल म्हणू का जी? तोंड दुखून राहिलं ना बाप्पा!"

गोरेगावच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत मला ओळखू न येणारी पालेभाजी दिसली. नाव विचारलं तर ती म्हणाली, "घेता का?"

"घेत नाही, फक्त नाव सांगा."

"घेत नाई त मंग नाव कायले पुसता? नाव का फुकट हाये?"

मी भाजी घेतली. जुडी हातात दिल्यावर तिनं नाव सांगितलं. ती पालक होती, जरा सुकलेली.

तर हे दिवस बरे होते. आता आमच्या कचेरीच्या प्रमुखांबद्दल. त्यांना आम्ही डॉक्टरसाहेब म्हणत असू. परदेशात शिकून आलेले, शांत आवाजाचे, कोणाला अरेतुरे न करणारे गृहस्थ. त्यांचा जीव मात्र जिवंत शब्दांत नव्हता. त्यांना ओढ होती ती, जे बोलणारी माणसं हजारो वर्षांपूर्वी संपून गेली त्या शब्दांची. असे शब्द उभे करण्याची एक रीत आहे. बहिणी-बहिणी असलेल्या भाषांतले सारखे शब्द शेजारी मांडायचे, कोणता उच्चार कशावरून झाला असेल ते नियमानं मागं मागं न्यायचं, आणि शेवटी त्यांच्या आईच्या तोंडी काय असेल ते ठरवायचं. असा शब्द छापताना त्याच्याआधी एक तारा काढतात. तारा म्हणजे कबुली असते, की हा शब्द लिहिलेला कुठं सापडलेला नाही, तो आम्ही तर्कानं बांधला आहे.

एका दुपारी डॉक्टरसाहेबांनी आम्हाला अस्वल समजावून दिलं. युरोपच्या पश्चिमेला केल्ट नावाचे लोक होते. त्यांच्या भाषा आता आयर्लंड, वेल्स अशा कोपऱ्यांत उरल्या आहेत. आयर्लंडच्या जुन्या भाषेत अस्वल म्हणजे 'आर्त', वेल्समध्ये 'आर्थ'. त्यावरून मूळ केल्टांचा शब्द 'आर्तोस' असा उभा करतात, तारा लावून. ग्रीक लोक 'आर्क्तोस' म्हणत. आणि आपल्याकडे संस्कृतात 'ऋक्ष', त्यावरून मराठीतली 'रीस', हिंदीतला 'रीछ'. सगळे एका घरचे. समुद्रापलीकडचा, धुक्यात राहणारा तो केल्ट आणि सालेकशाच्या जंगलातून बैलगाडी हाकणारा आमचा गाडीवान एकाच नावानं दचकतात! त्या दिवशी मी भारावून घरी गेलो. आजही ती गोष्ट मला सुंदर वाटते. राग त्या विद्येवर नाही.

डॉक्टरसाहेब पुढे म्हणाले की उत्तरेच्या लोकांनी हे नाव टाकून दिलं. जर्मन त्याला नुसतं 'तपकिरी' म्हणू लागले आणि रशियन 'मध खाणारा', असं पुष्कळ विद्वान मानतात. कारण भीती. नाव घेतलं तर ते येईल. पुढे आयर्लंडातही ते जुनं नाव मागं पडलं. काहींच्या मते तर ते अतिजुनं नावसुद्धा 'नाश करणारा' अशा अर्थाचं, आपल्या 'राक्षसा'च्या नात्यातलं आहे. म्हणजे खरं नाव त्याच्याही आधी कोणीतरी गिळलेलं असणार.

"पण नाव टाकतात तेव्हा नेमकं काय घडतं, हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही," ते मला म्हणाले. "तुम्ही तिकडचेच. आजही अस्वलाचं नाव न घेणारं गाव मला शोधून द्या."

मी शोधून दिलं. त्याला मी इथं हिरडाटोला म्हणतो. गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं अर्जुनीला उतरायचं आणि पुढे पायी. घरं सगळी गोंडांची. थोडी धानाची शेती, बाकी पोट जंगलावर. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पडतात तेव्हा बाया अंधूक उजेडातच टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढलं की गुरं आणि हरणं काही शिल्लक ठेवत नाहीत.

मी गेलो तो ऐन मोहाचाच हंगाम. गावचे पटेल बुधराम, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. मी आमचाच नियम मोडला. शाळेच्या पुस्तकातलं अस्वलाचं चित्र त्यांच्यापुढं धरून विचारलं, "पटेल, याला तुमच्यात काय म्हणतात?"

त्यांनी पुस्तक हळूच माझ्या हातातून घेतलं आणि पालथं ठेवलं. मग उजव्या हाताचा पंजा कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून खाली ओढला. झालं. तेवढंच उत्तर. पहिलं फूल पडल्यापासून शेवटचं फूल उचलेपर्यंत हिरडाटोल्यात त्या जनावराचं नाव कोणी घेत नाही, मराठीत नाही, हिंदीत नाही, गोंडीतही नाही. 'मध खाणारा' असलं दुसरं नावही नाही. फक्त तो हात.

अंगणात फुलं वाळत घालणारी एक बाई हसायला लागली. ती सुकवारोबाई, बुधरामांची सून. "शब्दवाले बाबू," ती म्हणाली, "आमचे सारे शब्द तुमी पेटीत भरून नेऊन राहिले. मंग आमी का हातवारे करून बोलाव?"

"नेले तरी तुमच्याकडे राहतातच की."

"हौ! पटवारी बी असाच म्हणते जमिनीचा."

मी नागपूरला चिठ्ठी पाठवली : शब्द नाही, हात. डॉक्टरसाहेबांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली आणि चष्मा काढून म्हणाले, "अहो, हात कोशात कसा छापायचा?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो.

पुढच्या वर्षी त्याच हंगामात गेलो तेव्हा सुकवारोबाई अंगणातच होती, पण पदर डाव्या गालावरून ओढून दातांत धरलेला. मी बुधरामांकडे पाहिलं. त्यांनी तोंडावरून हात खाली ओढला.

हे का झालं ते सांगतो. पिढ्यान् पिढ्या हिरडाटोल्याच्या बाया मोहाखालचा पालापाचोळा झाडून जाळत आणि पहाटे झाडापाशी धुमसतं लाकूड ठेवत. आगीजवळ अस्वल येत नाही. जंगल खात्याचा नवा रेंजर आला आणि त्यानं आग बंद केली. जंगल जळतं, हे त्याचं म्हणणं. जळतं, खरं आहे. म्हणून बुधरामांनी तोड सुचवली होती : भोवतालची जागा झाडून मोकळी करू, एका झाडाखाली एकच लाकूड ठेवू, ते विझेपर्यंत बाई तिथून हलणार नाही. रेंजर म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला. उत्तर आलं की या भागात वन्य पशूचा उपद्रव असल्याची नोंद नाही, सबब परवानगी नाही.

मग सुकवारोबाईला पंजा बसला. नोंद व्हायला आता आणखी काय हवं होतं? पंचनाम्याला नाकेदार, म्हणजे रेंजरच्या हाताखालचा वनरक्षक, आला. पण हंगाम चालू होता. त्यानं विचारलं, "कायनं मारलं?" साऱ्या गावानं तोंडावरून हात फिरवले. जिचा डोळा गेला तिनंही फिरवला. नाकेदारानं लिहिलं : कारण अज्ञात.

चैत्र सरल्यावर बुधराम उन्हातान्हात चालत रेंज कचेरीत गेले आणि त्यांनी जनावराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. रेंजर म्हणाला, "अब बोल रहे हो, पटेल? पंचनामे में तो कुछ है नहीं." म्हणजे सांगायची वेळ होती तेव्हा तोंड बंद, आणि तोंड उघडलं तेव्हा वेळ गेलेली. त्या काळात आमचा मुलूख एका राज्यातून दुसऱ्यात गेला, रेंज कचेरीवरची पाटी नवी झाली. आतलं उत्तर तेच राहिलं.

मी नागपूर गाठलं. मला वाटलं, आपल्या हातात किल्ली आहे. जी गोष्ट रेंजरला कळत नाही तीच सिद्ध करण्यासाठी डॉक्टरसाहेब निबंध लिहून राहिले आहेत. मी म्हणालो, "साहेब, जंगल खात्याला चार ओळी लिहा. या गावात हंगामात नाव घेत नाहीत आणि तो हात म्हणजे अस्वल. तुमच्या सहीला वजन आहे. पुढच्या फाल्गुनात त्यांना आग ठेवता येईल."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमची तळमळ समजते. पण आपण शब्दांचे लोक. सरकार आणि प्रजा यांच्यामध्ये अभ्यासकानं उभं राहू नये."

"मग अभ्यासकानं कुठं उभं राहायचं?"

"जरा बाजूला," ते म्हणाले. "शिवाय पुढच्या खेपेला मी स्वतः येतो आहे. त्याच रेंजरनं आपल्याला रेस्ट हाऊस दिलं आहे आणि जीपही."

मी तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती असं मित्र म्हणतात. मी सोडली नाही, कारण डॉक्टरसाहेब येणार होते. वाटलं, प्रत्यक्ष पाहिल्यावर माणूस बदलेल. पत्रकं वाचून वाढलेला माणूस असा भाबडा असतो.

पुढचा फाल्गुन. कोवळ्या उजेडात जीप मोहाखाली थांबली. जमिनीवर पिवळट फुलांचा सडा आणि सगळीकडे तो गोड, आंबूस वास. बाया वेचत होत्या. दर दोन-चार फुलांनी मान वर करून झाडीकडे बघत होत्या. झाडांखाली आग नव्हती. बुधराम काठी टेकून उभे होते. रेंजरनं डॉक्टरसाहेबांसाठी खुर्ची काढली. ते बसले नाहीत, इतके उत्सुक होते.

"विचारा तिला," ते मला म्हणाले. समोर सुकवारोबाई होती.

"मी विचारणार नाही. तुम्हाला उत्तर माहीत आहे."

मग रेंजरनंच विचारलं, "क्यों बाई, इधर कौन सा जानवर आता है?"

सुकवारोबाईनं टोपली खाली ठेवली. पदर दातांतून सोडला. त्या गालावरून, मिटून शिवल्यासारख्या झालेल्या डोळ्यावरून तिनं पंजा सावकाश खाली ओढला. जिथून तिचा हात जात होता तिथूनच एकदा दुसरा पंजा गेला होता. तशाच खुणा होत्या.

"पाहिलंत? पाहिलंत!" डॉक्टरसाहेब लहान मुलासारखे हरखले. "हजारो वर्षांपूर्वी हेच झालं असणार!"

"वाह, क्या बात है, साहब," रेंजर म्हणाला.

मी रेंजरला म्हणालो, "मग आता हे लिहून घ्या. तुमच्या समोर सांगितलं तिनं."

"अरे भाई, हाथ घुमाया है. बोली कहाँ? हाथ का पंचनामा होता है क्या?"

मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. बुधरामांनीही पाहिलं. एक वाक्य पुरे होतं, तेही पाहुण्याचं, रेंजर ज्याच्यापुढं वाकत होता त्याचं. डॉक्टरसाहेबांनी वहीतून मान वर केली आणि मला म्हणाले, "एक राहिलं. उजवाच हात वापरतात की डावाही चालतो? तेवढं विचारून घ्या."

आजवर मी पुष्कळ दुष्ट माणसांबद्दल वाचलं आहे. हा माणूस दुष्ट नव्हता. म्हणूनच त्याला माफ करणं मला जमलेलं नाही.

"बाबू, काय पुसून राहिले थे?" सुकवारोबाईनं मला विचारलं.

"उजवा हात की डावा, असं विचारतात."

ती हसली. तिच्या तोंडाची एकच बाजू आता हसते. "सांग त्याईले, ज्या हातानं जाळ लावतो ना, त्याच हातानं."

आणि तिनं पायानं पाला ओढून ढीग केला, भोवतालची जागा झाडली, कमरेची आगपेटी काढली आणि काडी लावली. धूर उठला. पलीकडच्या झाडाखालची बाई तिच्याकडे बघत होती. तीही खाली बसली. मग तिच्या पलीकडची.

"ए! बुझाओ! केस करूँगा, जेल जाओगी सब के सब!" रेंजर ओरडला. नाकेदार पुढे झाला. बुधराम काठीसकट दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"कर ना केस," सुकवारोबाई म्हणाली. "कोरटात मले पुसतीलच, बाई, जाळ काऊन लावला? फक्त तारीख मोवा सरल्यावर दे, साहेब. तवा नाव सांगीन मी. जजासमोर, मोठ्यानं. लिहून घ्याच लागन त्याईले."

रेंजरला कळलं. केस झाली की अस्वल कागदावर येणार, आणि मग आग बंद करून या बाईचा डोळा कोणी घालवला हेही त्याच कागदावर येणार. त्यानं जीप चालू करायला सांगितली. डॉक्टरसाहेब धुरानं खोकत होते.

केस झाली नाही. परवानगीही मिळाली नाही. हिरडाटोल्यात आता फाल्गुनात झाडाखाली लाकूड धुमसतं आणि नाकेदार दुसऱ्या वाटेनं जातो. लोक म्हणतात, भागलं ना? भागलं नाही. उद्या रेंजर बदलेल, दुसरी वाट बंद होईल. नजर वळवणं हा हक्क नव्हे.

निबंध छापून आला. त्यात केल्टांचा 'आर्तोस' आहे, ताऱ्यासकट. 'वनप्रदेशातील एका वस्तीत' उजव्या हाताची खूण करतात, अशी ओळ आहे. रेंजरचे आभार आहेत. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं की सुकवारोबाईचं नाव कुठं आहे. ते म्हणाले, माहिती देणाऱ्यांची नावं घालण्याची पद्धत नाही. जे नाव घ्यायचं नाही ते कोणतं, हे प्रत्येक टोळीचं वेगळं असतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. राजीनामा दिला आणि गोंदियाला परत आलो.

आता पत्रकाच्या शेवटी असतं ते. जंगल खात्यात हा अंक कोणी वाचत असेल तर त्यानं वैशाखात, शेवटचं फूल उचलून झाल्यावर, कोरा पंचनामा घेऊन हिरडाटोल्याला जावं आणि सुकवारोबाईला विचारावं की तुला कोणी मारलं. ती नाव घेईल. मी विचारून पाहिलं आहे. नावाच्या मागंपुढं ती आणखी जे काही जोडते ते कोणत्याही कोशात छापता येणार नाही. पंचनाम्यात मात्र तसंच्या तसं लिहून घ्या.